पाठ केलेला शार्लमेन आणि वीसपैकी सहा: आबिजानच्या फ्रेंच शाळेतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातले काजू कारखाने वर्षभर चालतात ते काही वेंगुर्ल्या-कुडाळच्या बीवरच नव्हे. स्थानिक माल संपला की आफ्रिकेतून आलेली कच्ची बी फोडली जाते, आणि कच्च्या काजूचं जगातलं सर्वांत मोठं उत्पादन आज आयव्हरी कोस्टमध्ये होतं. सानिकाचे वडील याच धंद्यातले, बीची खरेदी आणि प्रतवारी बघणारे. २०१८ साली कंपनीने त्यांना तीन वर्षांसाठी तिथल्या आबिजान शहरात पाठवलं. बायको, सहावी उत्तीर्ण झालेली मुलगी सानिका आणि चार वर्षांचा मुलगा ऑगस्टमध्ये मागोमाग गेले. मुलगी कुडाळजवळच्या मराठी माध्यमाच्या शाळेत सेमी-इंग्रजीत शिकत होती. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, बिनपगारी रजा घेऊन निघालेली.

मी पुण्यात फ्रेंच शिकवते. निघण्याआधी मे महिन्यात आईने फोन केला आणि मुलीची ऑनलाइन शिकवणी सुरू झाली, म्हणून हे प्रकरण मला आतून दिसलं. मुलीचं नाव बदललं आहे. शाळा कोणती ते सांगत नाही. आबिजानमध्ये फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची मान्यता असलेल्या शाळा एकाहून अधिक आहेत, त्यातली ही एक.

परदेशातल्या फ्रेंच शाळांचं जाळं फार मोठं आहे. १९९० साली स्थापन झालेली एक सरकारी संस्था, AEFE या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी, ते सांभाळते. जवळपास १४० देशांत मिळून सुमारे ६०० शाळा, विद्यार्थी चार लाखांच्या घरात, आणि त्यातले बहुतेक फ्रेंच नागरिक नाहीत. सानिकाच्या वर्गात आयव्हरियन मुलं होती, आबिजानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या लेबनीज कुटुंबांतली होती, दोन-तीन फ्रान्सहून आलेली. भारतीय ही एकटीच. शिष्यवृत्त्या फक्त फ्रेंच नागरिकांना मिळतात. बाकीच्यांनी दर सत्राला पूर्ण फी भरायची. इथे कंपनी अर्धी भरत होती.

या शाळांचा गुण असा, की अभ्यासक्रम सगळीकडे फ्रान्सचाच. हनोईहून डाकारला बदली झालेलं मूल सोमवारी त्याच इयत्तेत, त्याच धड्यावर बसतं, प्रवेश परीक्षाही द्यावी लागत नाही. मात्र जे या जाळ्याबाहेरून येतं, त्याला परीक्षा द्यावी लागते आणि मग इयत्ता ठरते.

पहिला निर्णय: कोणत्या वर्गात?

फ्रेंच माध्यमिक शाळेत इयत्ता उलट्या मोजतात. आपल्या सहावीला सहावीच, पण सातवीला पाचवी, आठवीला चौथी, नववीला तिसरी, मग दुसरी, पहिली आणि शेवटचं वर्ष ‘तेर्मिनाल’. कुडाळच्या नातेवाइकांची यावरून सुरुवातीला बरीच करमणूक झाली. वाचकांचा गोंधळ नको म्हणून पुढे मी आपल्याच इयत्ता वापरते आहे.

ऑगस्टअखेर परीक्षा झाली. गणित उत्तम. फ्रेंचमध्ये स्वतःची ओळख, घर, दिनक्रम एवढं जेमतेम. शाळेने सहावीत बसवण्याचा सल्ला दिला. कारण पटण्यासारखं होतं: सहावी हे तिथे माध्यमिक शाळेचं पहिलं वर्ष, म्हणजे सगळीच मुलं नवी असतात, शिक्षकही कसा अभ्यास करायचा ते पहिल्यापासून सांगतात. सातवीत दुसरी परकीय भाषा सुरू होते आणि शिक्षक गृहीत धरतात की शाळेची रीत आता अंगवळणी पडली आहे.

वडिलांनी सातवीचा आग्रह धरला. आज मागे वळून बघताना हा हट्ट वाटेल, पण त्यांचा हिशेब साधा होता. करार तीन वर्षांचा. २०२१ च्या जूनमध्ये परत येऊन मुलीला तिच्या मूळ तुकडीबरोबर दहावीला बसवायचं. एक वर्ष मागे टाकलं की हे गणित बिघडतं. वयाने ती सातवीचीच होती. मुख्याध्यापकांनी फार ताणलं नाही. सप्टेंबरमध्ये सानिका सातवीत बसली.

मला विचारलं असतं तर मी सहावी म्हटलं असतं. पण तीन वर्षांचा करार हाताशी असताना त्या बापाने सातवी निवडली यात मला गैर काही दिसत नाही. त्रुटी दुसरीकडे होती: नवख्या मुलीला फ्रेंचचे जादा तास किती, कोण घेणार, कोणत्या विषयाच्या वेळात, यातलं काहीच प्रवेशाच्या वेळी कागदावर आलं नाही. ‘आधार दिला जाईल’ एवढंच तोंडी सांगितलं गेलं.

अडचण

पहिले दोन महिने सगळे खूश होते. मधल्या सुट्टीत मुली जे बोलतात ते सानिकाने झपाट्याने उचललं. दिवाळीच्या सुमारास व्हिडिओ कॉलवर ती माझ्याशी आबिजानच्या रस्त्यावरच्या लयीत फ्रेंच बोलायला लागली, ‘गबाका’ म्हणजे तिथल्या वडापच्या गाडीत कंडक्टर कसा ओरडतो त्याची नक्कल करून दाखवायला लागली. मीही हसले. शिक्षकांचाही समज झाला की मुलीला भाषा यायला लागली.

आणि मग पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक आलं. एकूण सरासरी वीसपैकी आठ. फ्रेंच चार, इतिहास-भूगोल पाच, विज्ञान सात, गणित अकरा, इंग्रजी अठरा. फ्रेंच प्रगतिपुस्तकात प्रत्येक विषयापुढे वर्गाची सरासरी, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुणही छापलेले असतात. तीन विषयांत सर्वांत कमी गुण कोणाचे ते शोधावं लागलं नाही.

आईला चार-पाच गुणांपेक्षा जास्त लागला तो गणितातला अकरा. ‘मॅडम, गणितात ही कधी मागे नव्हती. आणि गणिताला कसली आलीय भाषा?’ मी वही मागवली. दशांश चिन्ह स्वल्पविरामाने लिहितात, भागाकारात भाजक उजवीकडे मांडतात, या गोष्टी तिने आठवड्याभरात पचवल्या होत्या. गुण जात होते ते स्पष्टीकरणाचे. उत्तर बरोबर, पण का बरोबर ते दोन वाक्यांत लिहिलेलं नाही. तिथे नुसत्या उत्तराला निम्मे गुणही मिळत नाहीत.

खरा उलगडा इतिहासाच्या पेपरने झाला. शार्लमेन या मध्ययुगीन युरोपातल्या सम्राटाच्या साम्राज्यावर चाचणी होती. सानिकाने वहीतला सगळा धडा आठवडाभर घोकून पाठ केला होता: ८०० सालचा रोममधला राज्याभिषेक, राजाचे दूत, शाळा, सगळं. पेपरात एक छोटा जुना उतारा आणि एक चित्र दिलं होतं आणि विचारलं होतं, की सम्राटाची सत्ता कशावर उभी होती हे या दोन साधनांच्या आधारे दाखवा. तिने पाठ केलेला धडा जवळजवळ बिनचूक उतरवला. वीसपैकी सहा. समासात लाल शाईत शेरा: विषयाला सोडून.

आईने मला तो पेपर पाठवला तेव्हा सोबत एकच ओळ होती: ‘यात चूक काय आहे ते तुम्ही तरी दाखवा.’

चूक तशी एकही नव्हती. व्याकरणसुद्धा बरं होतं, कारण ते फळ्यावरचंच होतं. पण प्रश्नाला उत्तर दिलेलं नव्हतं. आपल्याकडे धड्याखालचा स्वाध्याय ठरलेला, त्याचं उत्तर ठरलेलं, आणि जे मूल ते जसंच्या तसं आणतं त्याचं कौतुक होतं. फ्रेंच शाळेत पेपरात येणारं साधन बहुधा मुलांनी आधी पाहिलेलंच नसतं. धडा माहीत असणं गृहीत आहे; गुण मिळतात ते त्या अनोळखी साधनातून मुद्दा काढून, त्याला पुरावा जोडून, क्रमाने मांडण्याला. सानिकाला फ्रेंच येत नव्हतं हे खरं. पण उद्या जादूने फ्रेंच आलं असतं तरी त्या पेपरात तिला आठच्या वर मिळाले नसते.

कॅनडातले भाषा-अभ्यासक जिम कमिन्स यांनी ही दरी फार पूर्वी दाखवून दिली आहे. नव्या भाषेत गप्पा मारायला मूल वर्ष-दोन वर्षांत शिकतं. त्या भाषेत शाळेचा अभ्यास बरोबरीने करायला पाच ते सात वर्षं लागतात. पहिलं लवकर येतं म्हणून दुसरं आलंच आहे असा भ्रम होतो. सानिकाच्या बाबतीत तो शिक्षकांना झाला, आईवडिलांना झाला, मलाही नोव्हेंबरपर्यंत होता.

त्यात काही बारीक काटे. तिथली मुलं सेयेस आखणीच्या चौकटीदार कागदावर शाईच्या पेनाने, अक्षरं एकमेकांना जोडत वळणदार लिहितात आणि शिक्षक फळ्यावरही तसंच लिहितात. सुटं इंग्रजी अक्षर शिकलेल्या सानिकाला कित्येकदा फळाच वाचता येत नव्हता आणि हे तिने डिसेंबरपर्यंत कोणालाही सांगितलं नाही. शिवाय प्रत्येक शिक्षकाचा तोच शेरा, की मुलगी शांत असते, वर्गात बोलत नाही. कुडाळला हीच स्तुती झाली असती. डिसेंबरात सोमवारी सकाळी पोट दुखायला लागलं. शिस्त आणि उपस्थिती बघणाऱ्या बाईंनी नोंद केली, की महिन्याभरात मुलगी शाळेच्या नर्सकडे वारंवार गेली, आणि दर वेळी इतिहास किंवा फ्रेंचच्या तासाला. माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत कामाचं निरीक्षण हेच होतं, आणि ते कोणा विषयशिक्षकाचं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

जानेवारी २०१९ मध्ये शाळेत बैठक झाली. वर्गशिक्षक, फ्रेंच परभाषा म्हणून शिकवणाऱ्या बाई, आई आणि वडील. फेब्रुवारीपासून काजूचा हंगाम, म्हणजे वडील बोंदुकू आणि कोरोगोकडे उत्तरेत जाणार आणि जूनपर्यंत घरी फारसे नसणार. जे ठरवायचं ते आत्ताच ठरवायला हवं होतं.

लगेच सहावीत उतरवणं हा शाळेचा पहिला प्रस्ताव. अभ्यासाच्या दृष्टीने योग्य. पण सानिकाच्या दोन मैत्रिणी, एक लेबनीज आणि एक आयव्हरियन, सातवीत होत्या आणि ती शाळेत टिकून होती ती त्यांच्या जिवावर. वर्षाच्या मध्यात खाली उतरणं म्हणजे सगळ्या शाळेसमोर उतरणं. तिने स्वतः फक्त या एका मुद्द्यावर तोंड उघडलं: ‘नको.’

दुसरा पर्याय अमेरिकी अभ्यासक्रमाच्या शाळेचा. इंग्रजीचे अठरा गुण पाहता मुलगी तिथे महिन्याभरात रुळली असती. फी मात्र दुपटीच्या बरीच वर आणि कंपनी फरक द्यायला तयार नव्हती. धाकट्याचाही प्रश्न होता. हा पर्याय अर्ध्या तासात संपला.

तिसरा, आईने मुलांना घेऊन परत जायचं. आजीचं पहिल्यापासून तेच म्हणणं, ‘चेडवाक हय धाडून दी, आमी बघतलंव.’ आईलाही नोकरी खुणावत होती. मला वाटतं, त्या बैठकीपर्यंत तिच्या मनात हेच पक्कं होतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून घरीच शिकवण्याचा चौथा पर्यायही वडिलांनी काढला होता, पण बाराव्या वर्षी मूल दिवसभर फ्लॅटमध्ये एकटं ठेवायला आई तयार नव्हती आणि तिचं बरोबर होतं.

पाचवा प्रस्ताव फ्रेंचच्या बाईंकडून आला. मुलीला जूनपर्यंत सातवीतच ठेवायची, पण फ्रेंच आणि इतिहासात दोन सत्रं गुण द्यायचे नाहीत, फक्त शेरे. सातवीत सुरू झालेली दुसरी परकीय भाषा, स्पॅनिश, थांबवायची आणि त्या तासांत बाई तिला शाळेचं फ्रेंच शिकवणार. सप्टेंबरमध्ये तिने सातवीच पुन्हा करायची, हे आत्ताच ठरवून, मुलीला आत्ताच सांगून.

काय ठरलं आणि का

पाचवा पर्याय घेतला गेला, पण सहजासहजी नाही. अडलं ते ‘पुन्हा सातवी’पाशी. वडिलांचा दहावीचा हिशेब मोडत होता. आईला गावात काय सांगायचं ही चिंता. सातवीत नापास ही गोष्ट कोकणात सात गावं फिरते. शाळेलाही हे फार आवडलं नव्हतं, कारण फ्रेंच व्यवस्थेत वर्ष पुन्हा करायला लावणं आता अपवादानेच होतं. मुख्याध्यापकांनी पालकांकडून लेखी विनंती मागितली.

बैठकीत वर्गशिक्षकांनी, ते गणित शिकवायचे, एक प्रश्न विचारला, त्यावर निर्णय फिरला. सहावीत उतरवलं तर एक वर्ष जाणार, सातवी पुन्हा केली तरीही एकच वर्ष जाणार. मग ते वर्ष मुलगी कुठे घालवेल तर तिला जास्त मिळेल? अर्धं कळलेलं पुन्हा भेटतं तेव्हा ते पूर्ण कळण्याची शक्यता असते. वर्ष वाचवण्याचा पर्याय मुळात टेबलावर नव्हताच, हे वडिलांना तेव्हा उमगलं.

मुलीला सांगायचं काम आईने घेतलं. जानेवारीतच सांगितल्यामुळे जूनमध्ये शिक्षा मिळाल्याची भावना आली नाही. गुण थांबल्यावर पोटदुखीही दोन-तीन आठवड्यांत थांबली. हे मी कारण म्हणून लिहीत नाही, क्रम म्हणून लिहिते आहे.

प्रत्यक्षात काय केलं

शाळेतल्या बाई फ्रेंच शिकवत होत्या, पण धड्यातलं फ्रेंच. कविता नाही, बाजारहाटाचे संवाद नाहीत. प्रश्नपत्रिकेतली आज्ञार्थी क्रियापदं घेऊन त्यांनी एक वही केली: शोधून लिहा, तुलना करा, समर्थन करा, दस्तऐवजाच्या आधारे सांगा. प्रत्येकाखाली सानिकाच्याच जुन्या पेपरातला प्रश्न आणि त्याचं तीन ओळींचं उत्तर. बुधवारी दुपारी शाळा नसायची, तेव्हा त्याच वहीवरून मी पुढे घ्यायची.

घरचं काम आईने केलं आणि माझ्या मते सगळं वळण तिथे लागलं. फ्रेंच न येणारी ही बाई सहा महिने स्वतःला निरुपयोगी समजत होती. मी तिला म्हटलं, उत्तर आधी मराठीत काढून घ्या. मग ती तिच्या हातातली गोष्ट झाली. पंधरा वर्षं तिने तेच केलं होतं. रोज संध्याकाळी एक प्रश्न. काय विचारलंय? एका वाक्यात उत्तर दे. कशावरून म्हणतेस? पुस्तकातलं कुठलं चित्र दाखवशील? हे मराठीत जमल्याशिवाय फ्रेंच वहीला हात लावायचा नाही. सेयेस कागदावर वळण गिरवून घेणंही तिनेच केलं. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला शुद्धलेखनाची वही काय नवी?

एका गोष्टीत मात्र बरेच पैसे आणि वेळ वाया गेला. आबिजानमध्ये घरी येऊन शिकवणारा शिक्षक ठेवायची पद्धत आहे, त्याला तिथे ‘मेत्र द मेझों’ म्हणतात. शेजारणीच्या सांगण्यावरून यांनीही ठेवला. माणूस प्रेमळ आणि वक्तशीर, पण त्याचा भर एकाच गोष्टीवर: आठवड्यातून तीन दिवस श्रुतलेखन. फ्रेंच शुद्धलेखन मुळातच कठीण, शेवटची अर्धी अक्षरं उच्चारात नसतात. मुलगी दर वेळी तीस-चाळीस चुका करायची, माणूस लाल करायचा, सगळे दमायचे. नववीच्या शेवटी होणाऱ्या ‘ब्रव्हे’ या राष्ट्रीय परीक्षेत फ्रेंचच्या शंभर गुणांत श्रुतलेखनाला तेव्हा दहा होते. निबंधाला चाळीस, उताऱ्यावरील आकलन आणि व्याकरणाला पन्नास. हे प्रमाण मी आईला सांगितलं तेव्हा शिकवणी सुरू होऊन वर्ष झालं होतं.

सप्टेंबर २०१९ ला दुसऱ्यांदा सातवी सुरू झाली. शार्लमेन पुन्हा आला, या वेळी साडेअकरा गुण घेऊन. हिवाळ्यात चौदाव्या लुईवर तोंडी सादरीकरण होतं आणि इतिहासाच्या सरांनी तिला सुचवलं, की त्याच काळातला तुझ्याकडचा एखादा राजा घे. महाराष्ट्रात चौथी शिकलेल्या मुलीला शिवाजी महाराज सांगायला काय लागतं? तिने जन्मापासून राज्याभिषेकापर्यंत सगळं लिहून काढलं. सरांनी मसुदा परत केला. माहिती छान, पण तू कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते आहेस?

त्यावर बुधवारचे बरेच तास गेले. शेवटी प्रश्न ठरला: राजा आपली सत्ता डोळ्यांना दिसेल अशी कशी करतो? एकीकडे लुईचा व्हर्सायचा राजवाडा, दुसरीकडे रायगड. एकीकडे दरबारी रिवाज, दुसरीकडे १६७४ चा राज्याभिषेक. पुदुचेरीच्या फ्रेंच वसाहतीचा प्रमुख फ्रान्स्वा मार्तँ याने महाराजांच्या दक्षिण मोहिमेबद्दल लिहून ठेवलं आहे, ते मी तिला दिलं. फ्रेंच माणसाची साक्ष म्हटल्यावर वर्गाचे कान टवकारले. गुण चौदा. अफझलखानाचा प्रसंग मात्र तिला गाळावा लागला, कारण तो त्या प्रश्नात बसत नव्हता. पाठ असलेली, आवडती, हमखास टाळ्यांची गोष्ट प्रश्नासाठी बाजूला ठेवणं हे तिने पहिल्यांदा केलं. त्यानंतर तिच्या पेपरांवर ‘विषयाला सोडून’ हा शेरा मी पाहिलेला नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि महिनाअखेर आबिजान शहर उरलेल्या देशापासून तोडलं गेलं. वडील काजूच्या हंगामात उत्तरेत अडकले, कित्येक आठवडे घरी येऊ शकले नाहीत. आईने ते दिवस कसे काढले हा वेगळा विषय. सानिकाच्या अभ्यासाला मात्र या काळाने अनपेक्षित हात दिला. सगळा व्यवहार लेखी झाला. सूचना छापील अक्षरांत, वाचायला हवा तेवढा वेळ, उत्तर पाठवण्याआधी तीनदा सुधारायची मुभा. अभ्यासक्रम दुसऱ्यांदाचा होताच. त्या तीन महिन्यांत तिचं लेखन जेवढं सुधारलं तेवढं त्याआधीच्या वर्षभरात सुधारलं नव्हतं.

दुसरा निर्णय: नववीनंतर

करार एकदा वाढला, पुन्हा वाढला. जून २०२२ मध्ये सानिकाने ब्रव्हे दिली. आठशेपैकी पास व्हायला चारशे लागत. ४८० च्या वर पहिली श्रेणी, ५६० च्या वर त्यापुढची. ती पहिल्या श्रेणीत आली. तोंडी परीक्षेला विषय निवडला होता बोंदुकूच्या काजूचा सिंधुदुर्गापर्यंतचा प्रवास. श्रुतलेखनात दहापैकी शून्य, आणि त्याची कोणाला फिकीर नव्हती.

याच वेळी परतीचा प्रश्न पुन्हा आला. भारतीय पालकांचं इथे एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतं. ब्रव्हे नववीच्या शेवटी असते. दहावीच्या शेवटी फ्रेंच व्यवस्थेत कोणतीच बोर्डाची परीक्षा नाही. त्यानंतरचं प्रमाणपत्र थेट बाकालोरेआ, बारावीच्या शेवटी. मधल्या टप्प्यावर मूल महाराष्ट्रात आणायचं तर अकरावीच्या प्रवेशाला दहावीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते हातात नसतं. म्हणजे निघायचं तर नववीनंतर, नाहीतर तीन वर्षं थांबायचं.

वडिलांनी १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावी देण्याचा पर्याय नीट तपासला. कुडाळला आजी-आजोबा होते, क्लासही होते. विरोधात दोन गोष्टी होत्या. सानिकाचं लेखी मराठी सहावीवरच थांबलं होतं आणि विज्ञानाच्या संज्ञा आता तिच्या डोक्यात फ्रेंचमध्ये होत्या. म्हणजे २०१८ ची चढण उलट दिशेने पुन्हा. या वेळी मुलगी सोळा वर्षांची होती आणि तिने एका शब्दापेक्षा बरंच जास्त सांगितलं. राहायचं ठरलं. वडिलांनी कंपनीकडून २०२५ पर्यंतचं आश्वासन लेखी घेतलं, तेवढे ते २०१८ नंतर शहाणे झाले होते.

अकरावीला तीन विशेष विषय घ्यायचे असतात, बारावीला त्यातला एक सोडायचा. तिने गणित, भौतिक-रसायन आणि जीवशास्त्र घेतलं. बारावीला गणित सोडलं आणि त्याऐवजी गणिताचा हलका पूरक कोर्स घेतला. घरात चार दिवस कोणी कोणाशी बोललं नाही, कारण गणित सोडणं म्हणजे इंजिनिअरिंगचं दार लावून घेणं, असा वडिलांचा समज. तिला अन्नप्रक्रियेकडे जायचं होतं आणि तिकडे जीवशास्त्र जास्त कामाचं होतं.

निष्पत्ती

२०२५ मध्ये बाकालोरेआ झाली, वीसपैकी बारा आणि चौदाच्या मधली श्रेणी. एक वर्ष आधी झालेल्या फ्रेंच साहित्याच्या परीक्षेत लेखी नऊ, तोंडी तेरा; जवळपास सहा वर्षांनंतरही हा फरक पुरता मिटला नव्हता. तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर, ज्याची सर्वांना धास्ती होती, त्यात बारा. प्रश्न उलगडून मांडण्याची तिला एव्हाना वर्गातल्या अनेकांपेक्षा जास्त सवय होती. आता ती फ्रान्समध्ये एका तंत्रशिक्षण संस्थेत जैवअभियांत्रिकीच्या तीन वर्षांच्या पदवीला आहे, अन्नविज्ञान शाखेकडे जाण्याच्या इराद्याने.

वेगळं काय करता आलं असतं

प्रवेशाच्या वेळी आधाराचे तास लेखी मागायला हवे होते. किती, कोण, कोणत्या विषयाऐवजी. जानेवारीत जे मिळालं ते सप्टेंबरमध्येही मिळू शकलं असतं. शाळेकडे बाई होत्या, तास होते, कोणी नेमकं विचारलं नाही. सहावी की सातवी हा वाद त्यामानाने दुय्यम होता.

पहिल्या प्रगतिपुस्तकाची वाट बघायला नको होती. ऑक्टोबरात एखाद्या शिक्षकाने तिची वही उघडून फळ्यावरचं वाचून दाखव म्हटलं असतं, तर अक्षराचा घोळ तिथेच कळला असता. खेळाच्या मैदानावरचं फ्रेंच ऐकून मत बनवणं हा शाळेचा दोष होता. अशी मुलं दरवर्षी येतात. तिथल्या अनुभवी माणसांना हे ठाऊक असायला हवं.

वीसपैकीच्या गुणांचं प्रमाण पालकांना कोणीतरी समजावायला हवं होतं. तिथे बारा म्हणजे बरं, चौदा म्हणजे चांगलं, सोळा म्हणजे उत्तम आणि वीस सहसा कोणाला मिळत नाहीत. वडील दोन वर्षं प्रत्येक आकड्याला मनात पाचने गुणून साठ टक्के, सत्तर टक्के करत होते आणि मुलीला बोलत होते.

श्रुतलेखनाच्या शिकवणीचे पैसे आईच्या फ्रेंच वर्गासाठी वापरले असते तर बरं झालं असतं. हंगामाच्या महिन्यांत शाळेच्या बैठकांना ती एकटी जायची आणि दुभाषाचं काम बहुतेकदा सानिकाच करायची. आपल्याच प्रगतीबद्दल शिक्षक काय म्हणतात ते बारा-तेरा वर्षांच्या मुलीने आईला सांगायचं, ही व्यवस्था बरी नव्हे. २०१९ च्या मार्चमधल्या बैठकीत तिने दोन वाक्यं गाळली होती, हे आईला बरंच नंतर कळलं.

सातवी पुन्हा करण्याबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. आधीच ठरवून, मुलीला सांगून, मैत्रिणींपासून अर्ध्या वर्षात न तोडता केलं, म्हणून ते लागू पडलं. जूनमध्ये अचानक कळलं असतं तर त्याच निर्णयाचा परिणाम उलटा झाला असता, असं मला वाटतं.

धाकट्याचं प्रकरण निराळं. तो चौथ्या वर्षी बालवर्गात गेला, वाचायला शिकला तोच फ्रेंचमधून, आणि शाळेत त्याला कधी काही अडलं नाही. आता तो अकराचा आहे. घरी मालवणी झकास बोलतो, पण आजीने पाठवलेलं पत्र त्याला वाचता येत नाही. बुधवारी दुपारी आई आता त्याला बालभारतीचं पहिलीचं पुस्तक घेऊन बसवते, आणि तो दर वेळी विचारतो की यावर परीक्षा कधी आहे.